न्यायासनाची अभिलाषा

इस्राएलाचा राजा दावीद याच्यापुढे एके दिवशी नाथान नावाचा संदेष्टा एक फिर्याद घेऊन आला. एका नगरात दोन माणसे राहत होती. एकाच्या पदरी मेंढरांचे कळपच्या कळप होते आणि दुसऱ्यापाशी पोटच्या पोरीसारखी वाढवलेली एकच मेंढी. घरी पाहुणा आला तेव्हा त्या धनिकाने स्वतःच्या कळपाला हात न लावता गरिबाची मेंढी ओढून नेली आणि ती रांधून पाहुणचार साजरा केला, एवढीच ती हकिकत. ती ऐकताच राजाच्या अंगाचा तिळपापड झाला आणि त्याने तिथल्या तिथे निवाडा दिला, की असे कृत्य करणारा देहान्त शासनास पात्र असून मेंढीची चौपट भरपाई त्याच्याकडून वसूल व्हावी. निवाडा नियमाला धरून होता. उणीव असेल तर ती एवढीच, की आरोपी कोण हे न्यायाधीशाला ठाऊक नव्हते. उरीया हित्ती या आपल्याच सैनिकाची पत्नी राजाने महालात आणली होती आणि उरीयाला लढाईच्या ऐन तोंडावर एकटे पाडावे, म्हणजे तो मारला जाईल, असा हुकूम सेनापतीला लिहून तो लखोटा खुद्द उरीयाच्याच हाती धाडला होता. मेंढी हिरावून नेणारा तो धनिक म्हणजे महाराज आपणच, असे नाथानाने सांगितले तेव्हा दावीद सबबी सांगत बसला नाही. त्याने अपराध कबूल केला.

शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातील हा प्रसंग ज्यू आणि ख्रिस्ती या दोन्ही परंपरांनी शतकानुशतके जपला. ख्रिस्ती धर्मातील ईश्वर गर्विष्ठांना शासन करतो आणि नम्रांना उचलून धरतो, अशी जी सर्वसाधारण समजूत आहे ती खोटी नसली तरी उथळ आहे. कारण या धर्माच्या थोर आचार्यांनी गर्वाची मीमांसा केली तेव्हा डौल, बढाई, वेशभूषा ही त्याची बाह्य लक्षणे त्यांनी गौण मानली. त्यांच्या विवेचनाचा रोख असा, की गर्व हा मुळात एका अधिकारपदाचा अपहार आहे. जे न्यायासन ईश्वराचे, त्यावर बिनसनद चढून बसायचे, तेथून साऱ्या जगाचे निवाडे करायचे आणि स्वतःचा खटला मात्र कधी पुकारला जाऊ द्यायचा नाही, या वृत्तीला ते गर्व म्हणतात. आणि त्या आसनावरून उतरून आपल्या योग्य जागी, म्हणजे आरोपीच्या पिंजऱ्यात, उभे राहण्याच्या तयारीला नम्रता. दैवी न्याय, गर्व आणि नम्रता हे तीन स्वतंत्र विषय वाटतात, परंतु निवाड्याचा अधिकार कोणाचा, या एकाच प्रश्नाची ती तीन अंगे आहेत.

मनुष्याच्या पतनाची जी कथा उत्पत्तीच्या पुस्तकात आहे, तिच्यातही निषिद्ध ठरले ते बऱ्यावाइटाच्या ज्ञानाच्या वृक्षाचेच फळ, आणि सर्पाने दाखवलेले आमिष होते ते ईश्वरासमान होण्याचे. उत्तर आफ्रिकेतील हिप्पो नगराचा बिशप संत ऑगस्टीन (३५४–४३०) याने या कथेचा विचार करताना फळ खाण्याच्या कृत्याइतकेच त्यानंतरच्या जबान्यांकडे लक्ष वेधले. ईश्वराने विचारणा करताच आदामाने दोष हव्वेवर टाकला आणि हव्वेने सर्पावर. ऑगस्टीनच्या मते मूळ अपराधापेक्षाही निंद्य गर्व असेल तर तो उघड्या अपराधालाही सबब शोधणारा हा गर्व. कारण जो आरोपी प्रश्न विचारला जाताच फिर्यादी होऊन दुसऱ्याकडे बोट दाखवतो, त्याला क्षमा करण्याची वाटच तो बंद करून टाकतो. ज्याने कबूलच केले नाही, त्याला माफ तरी काय करणार?

लूकच्या शुभवर्तमानात येशूने सांगितलेला परूशी आणि जकातदार यांचा दाखला हाच सिद्धान्त दोन माणसांच्या रूपाने मांडतो. त्या काळचे परूशी म्हणजे धर्मशास्त्राचे काटेकोर पालन करणारे, लोकांच्या आदरास पात्र ठरलेले गृहस्थ. आणि जकातदार म्हणजे परकीय सत्तेच्या पद्धतीप्रमाणे मक्त्याने जकात वसूल करणारे, त्यात स्वतःचा हात ओला करून घेणारे आणि म्हणून स्वजनांच्या तिरस्काराचे धनी झालेले लोक. दोघेही मंदिरात प्रार्थनेला येतात. परूशी सांगतो की आपण आठवड्यातून दोनदा उपवास करतो आणि मिळकतीचा दशांश देतो. त्याचे हे निवेदन खोटे असल्याचा इशाराही दाखल्यात कोठे नाही. मात्र आपण इतरांसारखे, विशेषतः त्या जकातदारासारखे, नाही याबद्दल तो ईश्वराचे आभार मानतो आणि त्या क्षणी प्रार्थना करणारा भक्त निकालपत्र वाचणारा मुनसफ होऊन बसतो. दूर उभ्या राहिलेल्या जकातदाराजवळ मांडण्यासारखे पुण्य नाही. तो केवळ दयेची याचना करतो. निर्दोष ठरून घरी जातो तो हाच, असे येशू सांगतो, आणि ऐकणाऱ्या धर्मनिष्ठांना धक्का बसला असेल तर तो येथेच. कारण वाईट माणूस चांगला होता असा येथे निर्णय नसून, ज्याने निकाल ईश्वरावर सोपवला त्यालाच निकाल मिळाला, असा निर्णय आहे.

व्यक्तीच्या ठिकाणी दिसणारा हा दोष साम्राज्याच्याही ठिकाणी असू शकतो, हे ऑगस्टीनने दाखवून दिले. इ. स. ४१० मध्ये अलारिकच्या गॉथ सैन्याने रोम लुटले तेव्हा साऱ्या भूमध्यसागरी जगाला हादरा बसला आणि जुन्या दैवतांचा त्याग केल्याचेच हे फळ, असा आक्षेप ख्रिस्ती लोकांवर येऊ लागला. त्याचे उत्तर म्हणून ऑगस्टीनने इ. स. ४१३ ते ४२६ या काळात ‘देवाचे नगर’ हा बावीस भागांचा ग्रंथ लिहिला. त्याच्या प्रास्ताविकातच तो दोन वचने समोरासमोर ठेवतो. गर्विष्ठांना विरोध करणे आणि लीनांवर कृपा करणे हे ईश्वराचे कार्य, असे शास्त्रवचन. आणि शरणागतांना जीवदान देऊन मस्तवालांना नमवणे हे रोमचे कार्य, असा व्हर्जिल कवीच्या महाकाव्यातला दावा. जो अधिकार ईश्वराचा, तोच रोमने आपल्या नावावर चढवून घेतला होता आणि आपल्याला न जुमानणाऱ्या प्रत्येक राष्ट्राला गर्विष्ठ ठरवून त्याचे पारिपत्य करणे म्हणजे न्याय, अशी त्याने स्वतःची समजूत करून घेतली होती. दुसऱ्याचा गर्व उतरवण्याचा मक्ता स्वतःकडे घेणे हाच गर्वाचा कळस, हे ऑगस्टीनचे निदान रोमन साम्राज्य लयाला गेल्यानंतरच्या पुष्कळ साम्राज्यांनाही लागू पडते.

याच ग्रंथात ऑगस्टीनने एका रोमन सम्राटाच्या नम्रतेचा मात्र मुक्तकंठाने गौरव केला आहे. इ. स. ३९० मध्ये थेस्सलनीका शहरात, एका लोकप्रिय सारथ्याला कैदेत टाकल्यावरून दंगा उसळला आणि जमावाने बुथेरिक या सेनाधिकाऱ्याला ठार मारले. ही खबर मिळताच सम्राट थिओडोसियसने संतापाच्या भरात शहराला अद्दल घडवण्याचा हुकूम दिला. तो मागे घेण्याची उपरती त्याला झाली तोवर उशीर झाला होता, आणि शर्यती पाहायला जमलेल्या नागरिकांची सरसकट कत्तल उडाली. दोषी कोण आणि निर्दोष कोण याची चौकशी झाली नाही. थिओडोरेट या पुढच्या शतकातील इतिहासकाराने मृतांचा आकडा सात हजार दिला आहे.

मिलान नगराचा बिशप अँब्रोझ हा मूळचा प्रांताचा सुभेदार. इ. स. ३७४ मध्ये, अद्याप बाप्तिस्माही झालेला नसताना, लोकांच्या आग्रहाने तो बिशप झाला होता आणि राज्यकारभाराच्या खाचाखोचा त्याला पुरत्या माहीत होत्या. या प्रसंगी त्याने जाहीर निषेध केला नाही. सम्राटाने एकट्याने वाचावे म्हणून स्वहस्ते एक पत्र लिहिले आणि तुम्ही उपस्थित असाल तर मला पवित्र विधी करता येणार नाही, असे त्यात विनयपूर्वक परंतु निःसंदिग्ध शब्दांत कळवले. त्या पत्रात त्याने दाखला दिला तो दावीद आणि नाथान यांचाच. दावीद राजाने जे केले ते करण्याची सम्राटाला लाज का वाटावी, असा त्याचा प्रश्न होता. बिशपने मंदिराच्या दारातच सम्राटाला अडवल्याचे जे नाट्यमय चित्र पुढे रूढ झाले ते नंतरच्या लेखकांनी रंगवलेले आहे. पण थिओडोसियसने राजचिन्हे उतरवून ठेवून, सर्वसामान्य पापी माणसाप्रमाणे लोकांदेखत प्रायश्चित्त घेतले, ही गोष्ट निर्विवाद आहे. देहदंडाच्या शिक्षेची अंमलबजावणी तीस दिवस तहकूब ठेवावी, असा जो रोमन कायदा होता, तोही चर्चच्या परंपरेने या प्रसंगाशी जोडला आहे. हा संबंध मान्य केला तर त्या पश्चात्तापाचे सर्वांत टिकाऊ फळ सम्राटाच्या अश्रूंपेक्षा या कलमात दिसते, कारण संताप आणि शिक्षा यांच्यामध्ये एका महिन्याची मुदत घालणारा राजा स्वतःच्या निवाड्यावर अविश्वास दाखवण्याइतका नम्र झालेला असतो.

तथापि इतिहास इतका सरळ नसतो. या घटनेच्या दोनच वर्षे आधी, इ. स. ३८८ मध्ये, युफ्रेटिस नदीकाठच्या कॅलिनिकम गावी ख्रिस्ती जमावाने ज्यूंचे सभास्थान जाळले होते, आणि तेथील बिशपने ते स्वखर्चाने पुन्हा बांधून द्यावे, असा न्याय्य हुकूम याच थिओडोसियसने सोडला होता. तो हुकूम रद्द करवण्यासाठी अँब्रोझने सम्राटासमक्ष प्रवचन केले आणि तसे वचन मिळेपर्यंत विधीला प्रारंभ करण्याचे नाकारले. शस्त्र तेच होते, हातही तोच होता. पण थेस्सलनीकाच्या वेळी ज्याने दुर्बलांच्या रक्ताचा जाब विचारला, त्यानेच कॅलिनिकमच्या वेळी दुर्बलांना मिळू घातलेला न्याय हिरावून घेतला. सम्राटाला आसनावरून उतरवणारा धर्मगुरू स्वतःच त्या आसनावर जाऊन बसण्याचा धोका किती निकटचा असतो, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण. पुढे इ. स. १०७७ च्या जानेवारीत जर्मन राजा चौथा हेन्री कानोसाच्या किल्ल्याबाहेर थंडीत तीन दिवस पश्चात्तापी वेशात उभा राहिला आणि सातव्या ग्रेगरी पोपला त्याला क्षमा करावी लागली. पण सात वर्षांनी त्याच हेन्रीने रोम हस्तगत करून आपला वेगळा पोप गादीवर बसवला आणि ग्रेगरी निर्वासित स्थितीत सालेर्नोला वारला. नम्रतेचा देखावा हे राजकारणातले एक मोहरे होऊ शकते आणि क्षमा करण्याचा अधिकारही सत्तेचे साधन होऊ शकतो, हा धडा युरोपने तेथे घेतला.

देखाव्याचा हा मोह राजांपुरता मर्यादित नाही, हे एकान्तात राहणाऱ्या साधकांनी फार पूर्वीच ओळखले होते. इजिप्तच्या वाळवंटातील तपस्व्यांचा सहवास लाभलेल्या जॉन कॅशियनने पाचव्या शतकात आठ दुर्गुणांची जी यादी दिली, तिच्या अखेरीस लोकैषणा आणि गर्व येतात. बाकीचे विकार माणूस हरतो तेव्हा त्याला गाठतात, हे दोन मात्र तो जिंकतो तेव्हा. लोकैषणेला वडीलधारे साधू कांद्याची उपमा देत, असे कॅशियन सांगतो. एक पापुद्रा काढावा तर खाली दुसरा तयारच असतो. भरजरी वस्त्रे टाकली की माणूस फाटक्या वस्त्रांचा अभिमान धरतो, आणि तोही टाकला की टाकल्याचा.

दैवी न्यायावर श्रद्धा असणाऱ्यांना आणखी एक मोह पडतो आणि तो विशेष क्रूर आहे. ईश्वर न्यायी असेल तर ज्याच्यावर संकट आले त्याने ते ओढवून घेतलेले असलेच पाहिजे, असे अनुमान काढण्याचा हा मोह. ईयोबाच्या पुस्तकात एलीफज, बिल्दद आणि सोफर हे तीन मित्र नेमके हेच करतात. संतती, संपत्ती आणि आरोग्य गमावून राखेत बसलेल्या निरपराध माणसाला ते ईश्वराची वकिली करीत सांगतात, की तुझ्या हातून काहीतरी पाप घडले असलेच पाहिजे. ग्रंथाच्या अखेरीस ईश्वर रुष्ट होतो तो या वकिलांवर. त्याच्याशी वाद घालणाऱ्या ईयोबाचे बोलणेच तो योग्य ठरवतो आणि मित्रांना त्याच्याकडून प्रार्थना करवून घ्यायला पाठवतो. शिलोहातील बुरूज कोसळून अठरा माणसे ठार झाली, ती इतरांहून अधिक पापी होती काय, हा प्रश्न येशूने स्वतःच उपस्थित केला, त्याचे उत्तर स्पष्ट नकारार्थी दिले आणि ऐकणाऱ्यांना स्वतःकडे पाहायला लावले. ख्रिस्ती शिकवणुकीचा हा भाग अनेक ख्रिस्ती उपदेशकांनाच पचलेला नाही. साथ, दुष्काळ, भूकंप यांना पाप्यांवरचे शासन ठरवणारा माणूस ईश्वराच्या बाजूने बोलत असल्यासारखा दिसला, तरी प्रत्यक्षात तो ईश्वराच्या सहीशिवाय त्याच्या नावाचे फर्मान काढत असतो.

मग नम्रतेचे विधायक रूप कोणते? इटालियन महाकवी दान्ते (१२६५–१३२१) याने शुद्धिलोकाचे वर्णन करताना गर्विष्ठांची पायरी सर्वांत खाली ठेवली आहे, कारण इतर पापांचे क्षालन होण्याआधी हे व्हावे लागते. तेथे आत्मे पाठीवर प्रचंड शिळा घेऊन इतके वाकून चालतात, की ज्यांची मान आयुष्यभर खाली गेली नाही त्यांची दृष्टी आता जमिनीवरून हलत नाही. शिक्षा बाहेरून लादलेली नाही. अंगी मुरलेली ताठरता घालवण्याचा तो व्यायाम आहे. त्या वाटेवरच्या संगमरवरी कड्यावर नम्रतेचे तीन आदर्श कोरलेले आहेत. पहिला, देवदूताचा निरोप स्वीकारणाऱ्या मरीयेचा. दुसरा, कराराच्या कोशापुढे राजेपण विसरून नाचणाऱ्या दावीदाचा, ज्याच्याकडे राणी मीखल खिडकीतून तुच्छतेने पाहते आहे. तिसरा मात्र अनपेक्षित आहे. सम्राट ट्राजान सैन्यासह मोहिमेवर निघाला असताना, मुलाचा खून झालेली एक गरीब विधवा त्याच्या घोड्याचा लगाम धरून न्याय मागते. परत आल्यावर पाहू, असे तो म्हणतो, आपण परतच आला नाहीत तर, असे ती विचारते, आणि ट्राजान सारी फौज थांबवून तिची दाद घेतो. हा सम्राट ख्रिस्तीही नव्हता, आणि त्याने मान लववली नाही की अश्रू ढाळले नाहीत. त्याने फक्त स्वतःच्या मोहिमेपेक्षा एका विधवेची फिर्याद महत्त्वाची मानली. नम्रता आणि न्याय येथे एकरूप होतात: स्वतःचे महत्त्व ज्याच्या वाटेत आडवे येत नाही, त्यालाच दुसऱ्याचे गाऱ्हाणे नीट ऐकू येते.

नम्रतेचा उपदेश मात्र बहुधा ट्राजानाला न होता विधवेलाच होत आला आहे. सत्ताधाऱ्यांनी दासांना, पुरुषांनी स्त्रियांना आणि गोऱ्यांनी काळ्यांना या सद्गुणाचे पाठ दिले, आणि आज्ञाभंगाला गर्व असे नाव दिले. आपल्याकडील पंडिता रमाबाईंचे चरित्र या दृष्टीने फार उद्बोधक आहे. इ. स. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यावर, तेथील मठातील सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा जो दीर्घ पत्रव्यवहार झाला, त्यात रमाबाईंच्या शंका, त्यांचे स्वतंत्र वाचन आणि चर्चच्या अधिकाऱ्यांपुढे मान न तुकवणे यांवर गर्वाचा ठपका वारंवार येतो. रमाबाईंची भूमिका अशी, की आपण ईश्वराच्या आज्ञेला बांधलेल्या आहोत, परंतु सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य कोणा बिशपच्या वा भगिनीच्या हवाली करणार नाही. ज्यांनी त्यांना गर्विष्ठ म्हटले, त्यांचा हेतू प्रेमाचा असेलही. पण न्यायासनावर त्या वेळी कोण बसले होते, हे वाचकाला सांगायला नको. पुढे दुष्काळात मध्य प्रांतात हिंडून शेकडो अनाथ मुली आणि विधवा त्यांनी गोळा केल्या आणि केडगावच्या मुक्तिसदनात त्यांना आसरा दिला, तेव्हा त्यांच्या ताठ मानेचा उपयोग कशासाठी होता हेही दिसून आले. मरीयेच्या स्तोत्रात बलवान सिंहासनांवरून उतरवले जातात आणि दीन वर उचलले जातात. दीनांनी आणखी वाकावे, असे त्यात कोठेही म्हटलेले नाही.

या साऱ्या विचाराचा पाया ख्रिस्ती श्रद्धेच्या केंद्रस्थानी असलेल्या एका विलक्षण उलटापालटीत आहे. जो जगाचा न्यायाधीश, तोच पंतय पिलाताच्या न्यायासनापुढे आरोपी म्हणून उभा राहतो. खुर्चीवर बसलेला रोमन अंमलदार त्याला निरपराध समजत असूनही जमावाच्या भयाने देहान्ताची शिक्षा फर्मावतो. मनुष्याने ईश्वराचे आसन बळकावले आणि ईश्वराने मनुष्याचा पिंजरा पत्करला, अशी ही अदलाबदल आहे, आणि म्हणूनच या धर्मात नम्रता हा दुर्बलांचा नाइलाज न राहता ईश्वराचा स्वभाव ठरतो.

मत्तयाच्या शुभवर्तमानातील अखेरच्या न्यायनिवाड्याचे वर्णन या दृष्टीने वाचावे. तेथे विचारणा होते ती भुकेल्यांना अन्न दिले की नाही, परक्याला घरात घेतले की नाही, आजाऱ्याची आणि कैद्याची विचारपूस केली की नाही, एवढीच. आणि त्या कनिष्ठांतल्या कनिष्ठासाठी जे केले ते आपल्यासाठीच केले, असे न्यायाधीश सांगतो. ज्यांच्या बाजूने निकाल लागतो त्यांनाही आपण हे कधी केले ते आठवत नाही, आणि ज्यांच्या विरुद्ध लागतो तेही तितकेच चकित होतात. याचा अर्थ असा, की स्वतःच्या खटल्याचा निकाल आगाऊ कोणालाच कळत नाही, आणि दुसऱ्याच्या खटल्याचा तर नाहीच नाही. पृथ्वीवर न्यायालये चालली पाहिजेत आणि गुन्ह्यांना शिक्षाही झाल्या पाहिजेत, हे ख्रिस्ती विचाराने कधी अमान्य केले नाही. त्याचे मागणे एवढेच, की तेथे बसणाऱ्याने आपलीही तारीख लागलेली आहे हे जाणून बसावे, आणि जो निकाल आपल्या अखत्यारीत नाही त्याची चिंता करण्यात वेळ न दवडता, दारात उभ्या असलेल्या फिर्यादीचे आधी ऐकून घ्यावे.